चौदा दिवस वाहिलेला कान पंधराव्या दिवशी दवाखान्यात न्या!

बेळगाव–निपाणी सीमाभागातील पालक, शिक्षक, औषध दुकानदार, डॉक्टर आणि ग्रामपंचायतींना जाहीर आवाहन



बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतल्या प्रत्येक घरासाठी हे आवाहन आहे. तुमच्या घरात कुणाचाही कान चौदा दिवस वाहत असेल, मग तो दुखत असो वा नसो, पू थोडा असो वा फार, तर पंधराव्या दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या. पाऊस ओसरू दे, सुगी उरकू दे, परीक्षा होऊ दे, असे म्हणता म्हणता आपल्याकडे वर्षे निघून जातात आणि तोवर मूल एका कानाने बहिरे झालेले असते.

शाळा उघडल्या आहेत, पाऊस लागला आहे, घरोघरी सर्दी आहे. कान वाहण्याचे दिवस हेच. म्हणून हे आत्ता सांगायचे.

दुखत नाही म्हणून फसू नका

"लहानपणी कान फुटतोयच की." "मोठं झालं की आपसूक बंद होतंय." "आमचाबी वाहत होता, काय झालं आमाला?" ही तीन वाक्ये आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात. तिसरे वाक्य बोलणाऱ्याशी बोलताना आपल्याला बहुधा दोनदा सांगावे लागते, एवढे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

मूळ दुखणे असे सुरू होते. नाकाच्या मागून मधल्या कानात एक नळी जाते. मुलांमध्ये ती आखूड, रुंद आणि बरीचशी आडवी असते. सर्दीतले जंतू तिच्यातून वर चढतात, पडद्यामागे पू साठतो, दाब वाढतो, कान ठणकतो. मूल रात्रभर रडते. पहाटे पडदा फुटतो, उशीवर पिवळट डाग पडतो आणि मूल शांत झोपते. घरच्यांना वाटते, सुटलो. बरेचसे पडदे खरोखरच काही दिवसांत भरून येतात. जे भरत नाहीत तिथे खरा आजार सुरू होतो आणि तो फारसा दुखत नाही. ठणकणाऱ्या कानाला त्याच दिवशी औषध मिळते. वाहणाऱ्या कानाच्या वाट्याला कापसाचा बोळा येतो.

पडद्याच्या भोकातून दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पू येत राहिला तर दुखणे जुने झाले, असे जागतिक आरोग्य संघटना धरते. या संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगात असे वाहते कान साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी लोकांना असावेत, आणि त्यांतल्या साधारण ६० टक्के लोकांचे ऐकणे लक्षात येण्याइतके कमी झालेले असावे, असा अंदाज दिला होता. जिथे शंभरातल्या चारांहून अधिक लोकांना हे दुखणे आहे तिथे तातडीने हालचाल करायला हवी, असेही त्यात बजावले होते. त्या सर्वाधिक त्रासाच्या गटात भारत होता. सोबत टांझानिया, सॉलोमन बेटे, ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी आणि बर्फाळ ग्रीनलंड. या लोकांची हवा एक नाही, खाणे एक नाही, भाषा एक नाही. दाटीवाटीची घरे, घरातला धूर, सतत वाहणारी नाके, अपुरे पोषण आणि वेळेवर न मिळणारे उपचार, या गोष्टी मात्र त्यांच्यात पुन्हा पुन्हा सापडतात.

त्या आपल्याकडेही आहेत. निपाणीत विड्या वळणाऱ्या एखाद्या घरात पाहा. आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, शेजारी दोऱ्याचा गुंडा. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत पाच-सहा जणांची अंथरुणे. शेंबडे पोर आईच्या गुडघ्याला टेकून बसलेले आणि त्याच्या कानात बोळा. सकाळी घातलेला बोळा दुपारी ओला होतो आणि संध्याकाळी त्याला वास सुटतो. विड्या हजाराच्या हिशोबाने मोजल्या जातात. दवाखान्याच्या रांगेत गेलेला दिवस म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. ही आई हयगय करते असे म्हणण्याचा कुणाला अधिकार नाही. हंगामात उसाच्या फडाशेजारी खोपीत राहणाऱ्या तोडकऱ्यांची मुले असोत, की खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाड्यांवरची, अडचण हीच. म्हणूनच हे आवाहन फक्त आईबापांना करून भागणार नाही.

त्या कानात कोण राहते?

सर्दीबरोबर पहिल्यांदा कानात शिरणारे जंतू आणि महिनोन्‌महिने कान वाहवणारे जंतू बहुधा वेगळे असतात. नव्या ठणक्यामागे न्यूमोकोकस, हिमोफिलस अशी मंडळी असतात. पडदा फुटून उघडा राहिला की बाहेरून दुसरे आत येतात आणि ते मुक्काम ठोकतात.

यांत दोन नावे जगभर सतत आढळतात. पहिले सुडोमोनास एरुजिनोसा. फ्रेंच औषधशास्त्रज्ञ कार्ल गेसार यांनी १८८२ साली जखमांच्या पट्ट्यांवर पडणाऱ्या हिरव्या-निळ्या डागांतून हा जंतू वेगळा काढला. कानातून हिरवट पू येत असेल तर डॉक्टरांना आधी याचाच संशय येतो. हा पाण्याचा आणि ओलीचा जंतू. मोरी, गटार, ओली माती, साठलेले पाणी, कुठेही तो आरामात जगतो. विहिरीत सूर मारणारे पोर, कॅनॉलमध्ये डुंबणारे पोर, डोक्यावरून आंघोळीचे पाणी कानात जाणारे पोर, यांच्या फुटक्या पडद्यातून तो सहज आत जातो. दुसरे नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो आपल्याच नाकात आणि कातडीवर असतो, आणि कान कोरणाऱ्या बोटाने किंवा काडीने आत पोहोचतो. यांच्या जोडीला प्रोटियस आणि क्लेबसिएला सापडतात. दुर्गंधी येणाऱ्या जुन्या कानात प्राणवायूशिवाय वाढणारे जंतूही असतात. आणि सगळे उपचार करूनही न दुखता वाहतच राहणाऱ्या एखाद्या कानामागे क्षयाचा जंतू निघतो. म्हणून घरात क्षयाचा रुग्ण असेल तर तेही डॉक्टरांना न विसरता सांगा.

हे जंतू सुटे सुटे राहत नाहीत. विहिरीच्या पायरीवर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, तसा स्वतःभोवती चिकट थर करून ते कानाच्या आतल्या अस्तरावर बसतात. पोटातून घेतलेले औषध त्या थरात पुरेसे उतरत नाही. वरचे काही जंतू मरतात, पू चार दिवस थांबतो, औषध संपले की कान पुन्हा वाहू लागतो. "औषध लागू पडत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्या

"पोराचा कान वाहतोय, काय तर द्या की." काउंटरवर कात्री चालते, पट्टीतल्या चार गोळ्या आणि एक थेंबांची बाटली पुडीत पडते. हा व्यवहार आपल्या प्रत्येक बाजारगावात रोज होतो. त्यात तीन चुका होतात.

पहिली चूक. सर्दी-खोकल्याला सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झिम सुडोमोनासला मुळातच लागू पडत नाही. पैसे जातात, कान तसाच राहतो, आणि अर्धवट औषधाने शरीरातले बाकीचे जंतू मात्र निबर होतात.

दुसरी चूक. थेंबांच्या कित्येक बाटल्यांत प्रतिजैविक, बुरशीचे औषध, भूल देणारे औषध आणि स्टेरॉइड असे सगळे एकत्र असते. तपासणीशिवाय ते महिनाभर घालत राहिले तर कानात बुरशी माजू शकते. जेंटामायसिन, निओमायसिन या गटातली औषधे पडद्याच्या भोकातून आतल्या कानात उतरली तर ऐकणेच कायमचे बिघडवू शकतात. बाटलीवर 'कानाचे थेंब' असे लिहिलेले असले तरी ती तुमच्या कानासाठी आहे की नाही, हे पडदा पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

तिसरी चूक सगळ्या गावाला भोवते. औषधांना दाद न देणारे जंतू वाढत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने अशा जंतूंची यादी २०१७ साली पहिल्यांदा केली आणि २०२४ साली सुधारली. दोन्ही याद्यांत सुडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस यांचे निबर झालेले प्रकार आहेत. कानाला आज उपयोगी पडणारे सिप्रोफ्लॉक्सासिन आपणच वाटेल तसे वापरून बोथट केले, तर पुढे हातात सुईचे महागडे औषध तेवढे उरेल.

मग उपाय काय? तो स्वस्त आहे, पण त्याला चिकाटी लागते. आधी कान कोरडा करायचा, मग डॉक्टरांनी सांगितलेले सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीचे थेंब घालायचे, आणि हे दोन आठवडे न चुकता करायचे. थेंब थेट जागेवर पोहोचतात, त्यामुळे तिथे औषधाची तीव्रता गोळीपेक्षा कितीतरी जास्त मिळते. पुवाने भरलेल्या कानात मात्र थेंब वरच्यावर तरंगतात. कोरडे करणे हा निम्मा उपचार आहे.

घरी एवढे करा

१. स्वच्छ, मऊ, जुन्या सुती कापडाची वात करा. ती कानाच्या तोंडाशी अलगद ठेवा, ओली झाली की काढून टाका, नवी ठेवा. वात कोरडी बाहेर येईपर्यंत करा. दिवसातून तीन वेळा. वात किंवा बोळा कानात घालून ठेवू नका. आधी आणि नंतर हात साबणाने धुवा.

२. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब. बाटली मुठीत धरून कोमट करा. मुलाला कुशीवर निजवा, थेंब सोडा, कानासमोरचा छोटा उंचवटा दोन-चार वेळा हलकेच दाबा म्हणजे औषध आत उतरेल, आणि काही मिनिटे तसेच राहू द्या.

३. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी बसवा आणि आंघोळ झाली की लगेच काढा. कान पूर्ण बरा होईपर्यंत विहीर, नदी, कॅनॉल बंद.

४. लसूण घालून कढवलेले तेल, खोबरेल, अंगावरचे दूध, झाडपाल्याचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड, यांतले काहीही वाहत्या कानात घालू नका. काडी, पिन, किल्ली घालू नका. बाजारात कानातला मळ काढून देणाऱ्यांपुढे तर मुळीच बसू नका.

५. तान्ह्या बाळाला आडवे निजवून बाटली तोंडात देऊ नका. शक्य तितके अंगावर पाजा. घरात विडी-सिगारेट ओढू नका, बाळ चुलीच्या धुरापासून लांब ठेवा. न्यूमोकोकसची लस आता सरकारी लसीकरणात फुकट आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस असतात, त्यातला एकही चुकवू नका.

ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, गरगरणे आणि तोल जाणे, तापाबरोबर जोराची डोकेदुखी व उलट्या, मान ताठ होणे, झटके येणे, गुंगी येणे. यांपैकी काहीही झाले तर पू हाडातून मेंदूकडे सरकत असू शकतो. तिथे तासांचा हिशोब असतो.

आणखी एक धोका आहे आणि तो आवाज न करता येतो. थोडाच पण घाणेरड्या वासाचा, कधी रक्ताळलेला पू वर्षानुवर्षे येत असेल, तर मधल्या कानात कातडीची गाठ वाढून आजूबाजूचे हाड खात असण्याची शक्यता असते. तिला थेंबांनी काही होत नाही, शस्त्रक्रियाच लागते. पू किती येतो यावरून दुखणे लहान की मोठे हे ठरवू नका.

शिक्षकांना

गुरुजी, बाई, तुमच्या वर्गातले मागच्या बाकावरचे 'ढ' मूल एकदा नीट पाहा. पडद्याला भोक असलेल्या कानाचे ऐकणे बहुधा १० ते ५० डेसिबलने उतरते. कुजबुज असते साधारण ३० डेसिबलची. म्हणजे त्या मुलाला तुमचा आवाज येतो, पण 'पाट' आणि 'ताट' यांतला फरक येत नाही. शुद्धलेखनात चुका करणारे, हाक मारल्यावर शेजाऱ्याकडे बघून उठणारे, एकच कान पुढे करून ऐकणारे मूल दिसले तर त्याला पहिल्या बाकावर बसवा, चांगला कान तुमच्याकडे येईल असे. त्याच्या अंगाला वास येतो म्हणून मुले त्याच्याशेजारी बसत नसतील, तर तो वास कानाचा आहे का ते पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत येतात आणि कानाचा संसर्ग व कमी ऐकू येणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी तुमच्या हातात अशा मुलांच्या नावांचा कागद तयार असू द्या. घाईच्या तपासणीत तो कागद फार कामाचा ठरतो.

औषध दुकानदारांना आणि डॉक्टरांना

दुकानदार मित्रांनो, तुम्हाला गावातले सगळे ओळखतात, आणि म्हणूनच लोक आधी तुमच्याकडे येतात. वाहत्या कानाला चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक देऊ नका. "किती दिवस वाहतोय?" एवढे विचारा, आणि उत्तर चौदाच्या पुढचे असेल तर दवाखान्याचा रस्ता दाखवा. गिऱ्हाईक तुटणार नाही. चिठ्ठी घेऊन ते परत तुमच्याकडेच येईल.

गावोगावच्या डॉक्टरांना विनंती, की कान पाहिल्याशिवाय थेंब लिहू नयेत. ज्यांच्याकडे कान पाहण्याचा दिवा नाही त्यांनी रुग्ण पुढे पाठवावा. दोन आठवडे नीट कोरडा करून, थेंब घालूनही कान वाहत असेल तर औषध बदलत बसण्याऐवजी पू तपासायला पाठवावा. कल्चरचा अहवाल दोन-तीन दिवसांत येतो आणि कोणता जंतू आहे, कोणते औषध चालेल, हे सांगतो. फुटलेल्या पडद्याच्या कानात पिचकारीने पाणी मारू नये, हेही आपल्या कंपाउंडरला सांगून ठेवावे.

जायचे कुठे? सीमेचे काय?

आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुका रुग्णालय. पुढे बेळगावात बिम्सचे जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरमधले केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळ पडते आणि आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या मिरजेलाही जात आले आहेत. पडदा बसवण्याच्या शस्त्रक्रियेत कानाच्या वरच्या स्नायूवरचे पातळ आवरण घेऊन भोक बुजवतात. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत ती कशी बसते, सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते का, हे कार्ड घेऊन आधीच विचारून घ्या. विडी कामगार भगिनींनी आपले ओळखपत्रही जवळ ठेवावे.

सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ साली घेतला आणि त्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारांत वाजले. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर रुग्णाने कोणत्याही राज्याच्या, कोणत्याही भाषेच्या दवाखान्यात जायला कमीपणा मानू नये. दोन्ही सरकारांकडे आपली मागणी एकच असावी: केसपेपर कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, थेंब कसे घालायचे आणि पुन्हा कधी यायचे, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहून द्या. आणि बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून चालू आहे, तर ठरलेल्या दिवशी कानाचा डॉक्टर तालुक्याला येऊ द्या. एका दिवसाची मजुरी बुडवून बेळगाव गाठणे प्रत्येक आईला जमत नाही.

आता काय करायचे

ग्रामपंचायत सदस्यांनो, तरुण मंडळांनो, महिला बचत गटांनो, आशाताईंनो, या पावसाळ्यात एक काम हाती घ्या. नागपंचमीपर्यंत गल्लीगल्लीतून वाहत्या कानांची यादी करा. घरोघरी फक्त तीन प्रश्न विचारा: कान वाहतो का, किती दिवस, वास येतो का? यादी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. गणपतीपर्यंत यादीतल्या प्रत्येकाची तपासणी झालेली असली पाहिजे. गाडीभाड्याला अडलेल्या पाच-दहा जणांची एक गाडी गावाने करावी. यंदाच्या वर्गणीतले थोडे पैसे त्यासाठी बाजूला काढायला मंडळांनी मागेपुढे पाहू नये.

आईबापांनो, तुमचे काम आज रात्रीचेच आहे. मूल झोपण्याआधी त्याचे दोन्ही कान उजेडात बघा, वास घेऊन बघा. मग त्याच्या मागे उभे राहून, एकेक कान बोटाने बंद करून, हलक्या आवाजात त्याचे नाव घ्या. एका कानाला ते ऐकू आले नाही, किंवा कुठल्याही कानाचा चौदावा दिवस उलटला असेल, तर उद्या सकाळी पहिल्या गाडीने निघा.